खर्ड्याच्या दोन पलटणी आणि युक्रेनचे आकाश



उमापूरच्या या व्याख्यानासाठी संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, युक्रेन. फोनवर जरा शांतता झाली. मग त्यांनी फार अदबीने विचारले, "सर, कापसावर काही बोलता येणार नाही का?" कापसावर बोलणारे माझ्यापेक्षा जाणते लोक पहिल्याच रांगेत बसले आहेत, म्हणून मी विषय बदलला नाही. (हशा.)

युक्रेन आपल्याला दिसतो तेवढा लांब नाही. 2022 च्या उन्हाळ्यात सूर्यफूल तेलाचे भाव कुठे गेले होते, हे घर चालवणाऱ्या बायकांना आठवत असेल. आपल्याकडचे बरेचसे सूर्यफूल तेल तिकडूनच यायचे. खताच्या गोणीवरही त्या युद्धाची सावली पडली. मराठवाड्यातली मुले तिथे वैद्यकीय शिक्षणाला होती. युद्धाच्या तोंडावर आणि पहिल्या काही आठवड्यांत जे 22,500 भारतीय परत आले, त्यांत आपल्या भागातलीही लेकरे होती. त्यांनी तळघरात काढलेल्या रात्रींच्या गोष्टी तुमच्यापैकी काहींनी त्यांच्या तोंडून ऐकल्या असतील.

पण मी हा विषय घेतला तो या जमिनीसाठी. आपण जिथे बसलो आहोत तिथून सकाळी निघालात तर संध्याकाळपर्यंत परत येता येईल, एवढ्या अंतरात अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली तीन रणक्षेत्रे आहेत. राक्षसभुवन, खर्डा आणि असई. या तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न पणाला लागला होता: दुसऱ्याच्या बळावर लढणाऱ्याचे पुढे काय होते? आज कीव्ह शहराला दर रात्री तोच प्रश्न पडतो. म्हणून आधी इथून सुरुवात करू आणि मग तिकडे जाऊ.

राक्षसभुवनाचे थोडक्यात सांगतो, कारण ते तुमच्याच तालुक्यात आहे आणि शनीच्या दर्शनाला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा गेलेला आहात. साल 1763. निजाम अलीच्या बाजूला नागपूरकर जानोजी भोसले आले होते. त्यांच्या बळावर निजामाची फौज थेट पुण्यात शिरली, पुणे लुटले, जाळले. मग राघोबादादा आणि अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी जानोजींना मुलखाचे आश्वासन दिले, आणि जानोजी निजामापासून वेगळे झाले. ऑगस्ट महिना, गोदावरीला पूर. निजाम अर्धे सैन्य घेऊन पलीकडे उतरला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या काठावर अडकला होता. 10 ऑगस्टला मराठ्यांनी त्याला गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजाम पलीकडच्या तीरावरून काही करू शकला नाही. मे महिन्यात ज्या मित्राच्या जोरावर पुणे जाळले, तो मित्र ऑगस्टमध्ये बरोबर नव्हता. आणखी काय सांगायचे?

खर्ड्याची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. ती आजच्या विषयाचा गाभा आहे.

आपण शाळेत खर्ड्याची लढाई शिकलो ती मराठ्यांचा शेवटचा मोठा एकत्रित विजय म्हणून. 11 मार्च 1795. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस, परशुरामभाऊ पटवर्धनांकडे सेनापतिपद. शिंदे, होळकर, भोसले सगळे एका बाजूला. गुणांसाठी एवढे पुरत होते. पण त्या दिवशी निजामाच्या छावणीत बसून विचार करा. निजामाकडे काय नव्हते? फ्रेंच सेनानी रेमोंने तयार केलेली कवायती फौज होती, हजारोंच्या संख्येने, तोफखान्यासह. आणि शिवाय इंग्रजांच्या दोन पलटणी होत्या. कंपनीच्या, शिस्तीच्या, गणवेशातल्या. हैदराबादच्या दरबारात बढाया चालल्या होत्या. पेशव्यांच्या वकिलाला चौथाईच्या थकबाकीवरून वाटेल ते ऐकवले जात होते. हा उन्माद कशाच्या जोरावर होता? आपल्या पाठीशी इंग्रज आहेत, या समजुतीच्या जोरावर.

पाच वर्षांपूर्वी, 1790 मध्ये, टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे असा तिहेरी करार झाला होता. निजामाला वाटले, आपण इंग्रजांचे दोस्त, तर आपल्यावर कुणी चालून आले की इंग्रज येणारच. पण पेशवेही त्याच करारात इंग्रजांचे दोस्त होते, हे त्याने लक्षात घेतले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या पलटणी कुठे वापरायच्या हे आधीच लिहून ठेवलेले होते. 1789 साली तेव्हाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याने निजामाला एक पत्र लिहिले होते आणि ते पत्र पुढे कराराइतकेच बंधनकारक मानले गेले. त्यात कंपनीच्या मित्रांची यादी होती. या मित्रांविरुद्ध आमची फौज वापरता येणार नाही, असे त्यात स्पष्ट होते. यादीत पेशवे होते, शिंदे होते, नागपूरकर भोसले होते. टिपू नव्हता. म्हणजे पलटणी टिपूवर चालतील, मराठ्यांवर चालणार नाहीत. आणि निजामाचा खरा शेजारी कोण? खरी भीती कुणाची? मराठ्यांची! ज्याच्यापासून वाचायचे त्याच्यावर जे हत्यार चालत नाही, ते हत्यार निजामाने सहा वर्षे पगार देऊन सांभाळले.

1795 मध्ये गव्हर्नर जनरल होता सर जॉन शोअर. निजामाला दगा द्यावा असे त्याच्या मनात होते का? मला तसे वाटत नाही. तो घाबरलेला, हिशेबी माणूस होता. लंडनच्या पार्लमेंटने 1784 च्या कायद्याने विस्ताराच्या लढायांवर बंदी घातली होती. कंपनीच्या तिजोरीची अवस्था नाजूक होती. मराठ्यांची सगळी सरदारमंडळी एकत्र आलेली त्याला दिसत होती. एका दोस्तासाठी दुसऱ्या दोस्ताशी, तेही बलाढ्य दोस्ताशी, लढाई ओढवून घ्यायची त्याची तयारी नव्हती. त्याने तटस्थता जाहीर केली. त्या दोन पलटणी खर्ड्याच्या मैदानात आल्याच नाहीत.

आणि निजाम लढाई कसा हरला? रेमोंची फौज हरली नव्हती, हे विसरू नका. ती लढत होती. रात्री निजामाच्या छावणीत घबराट उडाली. जनान्याच्या आग्रहाने निजाम मागे फिरला असे सांगतात. त्याने रेमोंलाही मागे बोलावले आणि सगळे खर्ड्याच्या किल्ल्यात शिरले. मराठ्यांनी वेढा दिला. किल्ला लहान, माणसे-जनावरे अफाट. पाण्यावाचून हाल झाले. शेवटी तह. दौलताबादचा किल्ला आणि मुलूख गेला, तीन कोटींचे देणे कबूल केले आणि दिवाण मुशीर-उल-मुल्कला मराठ्यांच्या हवाली करावे लागले. ज्याने दरबारात बढाया मारल्या तोच ओलीस गेला.

आता तुम्ही म्हणाल, सर, युक्रेन कुठे राहिला? आलोच.

1994 च्या डिसेंबरमध्ये बुडापेस्ट शहरात एक कागद झाला. सोव्हिएत संघ फुटल्यावर युक्रेनच्या भूमीवर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा उरला होता. तो सोडून देण्याच्या बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे वचन दिले. सही करणाऱ्यांत रशियाही होता, हे लक्षात ठेवा. हल्ला झाला तर काय करायचे? अण्वस्त्रांची धमकी आली तर सुरक्षा परिषदेत विषय न्यायचा, प्रश्न उठला तर एकत्र बसून बोलायचे. फौज पाठवायची, असे त्यात कुठेही नव्हते. 2014 ला क्रिमिया गेला, 2022 च्या 24 फेब्रुवारीला रणगाडे आले, आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार कुणाकडे होता? ज्याने हल्ला केला त्याच्याकडेच. कॉर्नवॉलिसच्या पत्राची आठवण येते की नाही?

तरीही एक फरक मान्य केला पाहिजे. पश्चिमेकडचे देश शोअरसारखे हात बांधून बसले नाहीत. त्यांनी पैसा दिला, तोफा दिल्या, माहिती दिली, आणि ती मदत खरोखर मोठी होती. ती नसती तर कीव्ह कदाचित टिकले नसते. मदत खोटी होती असे मी म्हणत नाही. मदतीला सीमा होत्या, आणि त्या सीमा कुठे आहेत हे मदत घेणाऱ्याला दर वेळी जीव देऊनच कळले, एवढेच माझे म्हणणे आहे.

पहिली सीमा भीतीची. लांब पल्ल्याचे प्रत्येक हत्यार युक्रेनला मिळाले, पण उशिरा आणि अटींसकट. हायमार्स हे रॉकेट-प्रक्षेपक 2022 च्या उन्हाळ्यात आले. त्यांतूनच सुटणारी, जास्त लांब जाणारी एटॅकम्स क्षेपणास्त्रे 2023 च्या ऑक्टोबरमध्ये. ती रशियाच्या हद्दीत डागायला परवानगी 2024 च्या नोव्हेंबरमध्ये. एफ-16 विमाने 2024 च्या ऑगस्टमध्ये. प्रत्येक पायरीवर वॉशिंग्टनमध्ये एकच चर्चा: रशिया चिडला तर? तोवर रशियाने विमानतळ मागे हलवले, कोठारे पांगवली. शोअरच्या मनात पुणे होते, यांच्या मनात मॉस्को आणि मॉस्कोची अण्वस्त्रे. भीती खोटी नव्हती. पण ती देणाऱ्याची भीती होती आणि तिची किंमत घेणारा मोजत होता.

दुसरी सीमा घरच्या भांडणाची. 2023 च्या ऑक्टोबरपासून 2024 च्या एप्रिलपर्यंत अमेरिकी काँग्रेसमध्ये मदतीचे विधेयक अडकून पडले. कशात अडकले? मेक्सिकोच्या सीमेवरच्या स्थलांतराच्या वादात! युक्रेनचा त्याच्याशी काय संबंध? काही नाही. विधेयक सुटले तेव्हा 61 अब्ज डॉलर मंजूर झाले, पण मधले सहा महिने कोण परत देणार? युरोपचीही तीच तऱ्हा. 2023 च्या मार्चमध्ये वर्षभरात दहा लाख तोफगोळे देऊ असे ठरले. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. कारखानेच नव्हते. शीतयुद्ध संपल्यावर त्यांनी ते बंद केले होते. आणि 2025 च्या मार्चमध्ये तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांशी युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षांची पत्रकारांसमोर खडाजंगी झाली म्हणून काही दिवस शस्त्रेच काय, गुप्त माहितीसुद्धा बंद झाली. एका भेटीत सूर बिघडला आणि रडारवरचे डोळे मिटले.

आता आकाशाकडे या. मला सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायचा आहे.

हवाई संरक्षण ऐकले की आपल्या मनात एक मोठी छत्री येते. बटण दाबले की छत्री उघडली आणि सगळा देश तिच्याखाली. तसे काही नसते. पॅट्रियट नावाची अमेरिकी प्रणाली घ्या. ती 2023 च्या एप्रिलमध्ये युक्रेनला पोचली आणि पुढच्याच महिन्यात तिने रशियाचे किंझाल हे क्षेपणास्त्र पाडले. ते पाडताच येणार नाही असे रशिया सांगत होता. म्हणजे हत्यार अव्वल. पण वरून येणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरते बोलायचे तर एका बॅटरीचे, म्हणजे एका पूर्ण संचाचे, संरक्षण साधारण एका मोठ्या शहरापुरते. आणि युक्रेन केवढा? आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. तुमच्याकडे अशा मोजक्या बॅटऱ्या आहेत. कुठे ठेवाल? राजधानीत? मग खार्किव्हचे काय? वीज केंद्राजवळ ठेवाल की दवाखान्याजवळ? आघाडीवरच्या फौजेला दिली तर मागची शहरे उघडी. हे रोज कुणाला तरी ठरवावे लागते आणि जो भाग वगळला तिथली माणसे सकाळी त्याचा जाब विचारतात.

बॅटरी असली तरी तिच्यात घालायला क्षेपणास्त्रे लागतात. पॅट्रियटचे सर्वांत प्रगत रोधक क्षेपणास्त्र एकेक सुमारे 40 लाख डॉलरचे. 2024 मध्ये कारखान्यातून अशी पाचशेच्या आसपास बाहेर पडली. वर्षभरात! आणि त्यांना गिऱ्हाईक कोण? खुद्द अमेरिका, जर्मनी, जपान, आखाती देश, सगळे रांगेत. उलट बाजूला रशिया शाहेद जातीची ड्रोन आता स्वतःच्या कारखान्यात बनवतो, वोल्गेच्या पलीकडे, तातारस्तानात. एकाची किंमत अंदाजे 20 ते 50 हजार डॉलर. 9 जुलै 2025 च्या एका रात्रीत सातशेहून अधिक ड्रोन आणि हूल देणारी पोकळ ड्रोन आली. 7 सप्टेंबरच्या रात्री आठशेहून अधिक. एका रात्रीची संख्या कारखान्याच्या वर्षाच्या संख्येपेक्षा मोठी! अर्थात ड्रोनवर कुणी पॅट्रियट वापरत नाही, त्यासाठी वेगळी, स्वस्त साधने आहेत. पण ड्रोनच्या गर्दीत क्षेपणास्त्रे मिसळून येतात. थकलेला माणूस आणि रिकामी होत चाललेली कोठी यांच्यावर ती येतात.

ट्रिपिल्स्का हे नाव तुम्ही ऐकले नसेल. कीव्हजवळचे औष्णिक वीज केंद्र. 11 एप्रिल 2024 ला त्याच्यावर अकरा क्षेपणास्त्रे आली. सात पाडली. चार पाडता आली नाहीत आणि केंद्र नष्ट झाले. का पाडता आली नाहीत, हे युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितले: रोधक क्षेपणास्त्रे संपली होती. नेम चुकला नव्हता, यंत्र बिघडले नव्हते, सैनिक झोपला नव्हता. कोठार रिकामे होते. ही तारीख पाहा. वॉशिंग्टनमध्ये विधेयक अडकलेले होते ना, त्याच सहा महिन्यांतली ही तारीख आहे. विधेयक मंजूर झाले ते त्यानंतर दोनच आठवड्यांनी.

मराठवाड्याच्या माणसाला हे सांगायला मला दुसरा शब्द नको. टँकर. टँकर येतो, पाणीही देतो, त्या दिवशी तो देवासारखा वाटतो. पण तो कधी येणार, किती खेपा करणार आणि आधी कुणाच्या वस्तीवर जाणार हे तुमच्या हातात नसते. पलीकडच्या तालुक्यात मागणी वाढली की तुमच्या खेपा कमी होतात. 2025 च्या जून महिन्यात असेच झाले. पश्चिम आशियात तणाव वाढला आणि युक्रेनसाठी ठरलेली ड्रोनविरोधी क्षेपणास्त्रे अमेरिकेने आपल्या त्या भागातल्या फौजांकडे वळवली. ती वीस हजार होती असे झेलेन्स्कींनीच सांगितले. पुढच्याच महिन्यात आपला साठा कमी पडतो म्हणून अमेरिकेने काही शस्त्रे थोडे दिवस रोखली, त्यांत पॅट्रियटची क्षेपणास्त्रेही होती. मग ठरले की युरोपातल्या देशांनी पैसे द्यायचे आणि अमेरिकेने हत्यारे विकायची. 

इथे एक गोष्ट जरा कडू वाटेल तरी बोलली पाहिजे. आपल्याकडे काही लोक युक्रेनला हसतात. "दुसऱ्याच्या भरवशावर लढायला गेले!" अहो, ते लढायला गेले नाहीत, लढाई त्यांच्या दारात आली. निजामाची आणि त्यांची तुलना मी मदतीच्या स्वभावापुरती करतो, न्यायाच्या बाबतीत नाही. हैदराबाद संस्थानाने रयतेशी काय केले हे या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना मी सांगायला नको. 1948 च्या उन्हाळ्यात सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरभरून निजामाला चोरून बंदुका पोचवत होता. बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर ती उतरत. 13 सप्टेंबरला भारतीय फौज आत शिरली, तेव्हा त्या बंदुका किती दिवस पुरल्या? पाच. संस्थानाकडे स्वतःचे लढाऊ विमान नव्हते आणि वरून आपल्या हवाई दलाची टेंपेस्ट विमाने फिरत होती. निजामाची तक्रार सुरक्षा परिषदेत पोचली आणि आठवड्याभरात त्याने ती मागेही घेतली. रयत विरोधात असेल तर बाहेरची बंदूक काही करू शकत नाही. युक्रेनमध्ये लोक आपल्या सरकारबरोबर उभे राहिले, म्हणून तिथे पाच दिवसांचा हिशेब वर्षांवर गेला. हा फरक कुणी पुसू नये.

असईकडे वळतो. जालना जिल्हा, भोकरदन तालुका, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधली जागा. 23 सप्टेंबर 1803. दौलतराव शिंद्यांच्या तोफा इतक्या चांगल्या होत्या की आर्थर वेलस्लीला, म्हणजे पुढे नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनला, ती लढाई आयुष्यभर विसरता आली नाही. त्याची जबर हानी झाली. त्या तोफा महादजींच्या काळात उभ्या राहिलेल्या आपल्याच कारखान्यांतल्या होत्या, परदेशी कारागिरांच्या देखरेखीखाली का होईना. म्हणजे इथे हत्यार स्वतःचे. मग हरले कसे? बऱ्याच कारणांपैकी एक सांगतो. त्या तोफांमागच्या कवायती फौजेचे अधिकारी उसने होते. फ्रेंच, हॅनोव्हरियन, इंग्रज. लढाईच्या आधीच, ऑगस्ट 1803 मध्ये, कंपनीने जाहीरनामा काढला: जे इंग्रज अधिकारी मराठ्यांची नोकरी सोडतील त्यांना निवृत्तिवेतन देऊ. अनेकजण निघून गेले. उत्तरेत तर शिंद्यांचा मुख्य फ्रेंच सेनानी पेरॉन याने सप्टेंबरमध्ये स्वतःहून इंग्रजांचा आश्रय घेतला. लढाई सुरू असताना सेनापतीने नोकरी सोडली!

म्हणून मी म्हणतो, खरा प्रश्न हत्याराचा दर्जा काय हा नाही. रेमोंची फौज चांगली होती, शिंद्यांच्या तोफा चांगल्या होत्या, पॅट्रियट तर उत्तमच आहे. कोठाराची किल्ली कुणाकडे, दुरुस्ती करणारा कुणाचा, आणि चालवायला परवानगी कुणाची, ते विचारा. 1965 च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांनाही शस्त्रपुरवठा बंद केला. आपल्यालाही झळ बसली, पण अमेरिकी रणगाडे आणि अमेरिकी विमानांवर विसंबलेल्या पाकिस्तानला जास्त बसली. आणि आपण आज स्वतःची पाठ थोपटायच्या आधी एक गोष्ट आठवा. एस-400 ही हवाई संरक्षण प्रणाली आपण रशियाकडून घेतो. 2018 ला करार केला, पाच पथकांचा. तीन आली. उरलेली दोन लांबली. का लांबली? कारण रशिया युक्रेनमध्ये लढत होता. ते युद्ध आपल्या आकाशापर्यंत येऊन पोचले होते.

मग धडा घ्यायचा तो कसा? इथेच निजामाची वाट आणि युक्रेनची वाट वेगळी होते, आणि आजच्या व्याख्यानात मला सांगायचे आहे ते हेच.

खर्ड्यानंतर निजाम चिडला. त्याने त्या दोन पलटणींना निरोप दिला. योग्यच केले, असे वाटते ना? पण तीन महिन्यांत त्याचाच मुलगा अलीजाह बंड करून उठला, आणि घाबरलेल्या निजामाने त्याच पलटणींना परत बोलावले. पुढे 1798 मध्ये गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीशी करार: फ्रेंच फौज मोडायची, इंग्रजांच्या पलटणी दोनवरून सहा करायच्या, वर्षाला 24,17,100 रुपये द्यायचे. रेमों त्याच वर्षी मार्चमध्ये वारला होता. त्याच्या कवायती फौजेला ऑक्टोबरमध्ये हत्यारे खाली ठेवायला लावली. म्हणजे खर्ड्यात न आलेल्यांना ठेवले आणि खर्ड्यात लढलेल्यांना काढले! इंग्रज आले नाहीत म्हणून आपण हरलो, तर उपाय काय? इंग्रज आणखी आणा. हे निजामाचे तर्कशास्त्र. आणि आपण त्याला हसू नये, कारण चार वर्षांनी पुण्याच्या दुसऱ्या बाजीरावाने होळकरांच्या भीतीने वसईत जाऊन तेच केले: सहा पलटणी घेतल्या, 26 लाखांचा मुलूख लिहून दिला.

युक्रेनने उलटे केले. मदत नाकारली नाही. नाकारणे परवडणारही नव्हते. पण ज्या दिवशी कळले की क्षेपणास्त्रे मोजून मिळणार, त्या दिवसापासून त्यांनी स्वस्त, स्वतःचे असे काहीतरी शोधायला सुरुवात केली. मालवाहू गाड्यांवर मशीनगन बसवून ड्रोन पाडणारी पथके. देशभर खांबांवर बसवलेले हजारो ध्वनिग्राहक, ड्रोनचा आवाज ऐकून दिशा सांगणारे. ड्रोनला ड्रोननेच धडकून पाडायचे, हे आता तिथे वाढते आहे. त्या ड्रोनची किंमत क्षेपणास्त्रापुढे नगण्य. लहान ड्रोन ते आता वर्षाला लाखांनी बनवतात. 2025 च्या 1 जूनला त्यांनी ट्रकांत लपवलेली ड्रोन रशियाच्या आत सोडून बॉम्बफेकी विमाने जाळली. त्यासाठी कुणाची परवानगी मागितली नाही. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र पाडायला मात्र आजही मुख्यतः पॅट्रियटच लागते आणि त्याची किल्ली आजही दुसऱ्याकडेच आहे. तेवढी जागा ते भरून काढू शकलेले नाहीत. उगाच त्यांना अजिंक्य ठरवू नये.

आणि बिल? मदतीचे बिल नेहमी नंतर येते. 2025 च्या 30 एप्रिलला अमेरिका आणि युक्रेन यांचा खनिजांचा करार झाला. जमिनीखालच्या खनिजांतून येणाऱ्या नव्या उत्पन्नाचा वाटा एका संयुक्त निधीत जाणार. करार युक्रेनला सुरुवातीला सुचवलेल्या मसुद्यापेक्षा सौम्य झाला, हे खरे. त्याचा शेवट काय होईल हे पाहायला आपण कदाचित नसू. निजामाच्या बिलाचा शेवट मात्र आपल्याला पूर्ण ठाऊक आहे, आणि तो याच मुलखात झाला.

1800 साली रोख पैशांऐवजी मुलूखच द्या असे ठरले; टिपूकडून मिळालेले कडप्पा-बल्लारीकडचे जिल्हे कंपनीला गेले. मग या पलटणींच्या तैनाती फौजेशिवाय आणखी एक फौज उभी राहिली, हैदराबाद कंटिंजंट. खर्च निजामाचा, अधिकारी इंग्रज. औरंगाबाद, जालना, हिंगोली इथे तिच्या छावण्या होत्या. आपल्या अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादलाही होती. ती फौज कधी कुणापासून निजामाला वाचवत होती, हे विचारू नका. तिचा पगार थकला, थकबाकीवर व्याज चढले, आणि 1853 मध्ये त्या कर्जापोटी निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिव जिल्हा इंग्रजांच्या हवाली करावा लागला. धाराशिव आणि रायचूर 1860 मध्ये परत आले, कारण 1857 मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला होता. वऱ्हाड परत आले नाही. 1902 मध्ये कर्झनने ते वर्षाला 25 लाख रुपयांच्या खंडाने कायमचे लिहून घेतले.

पुढच्या वेळी वर्तमानपत्रात कुणाला तरी मदत जाहीर झाल्याची बातमी वाचाल, मग ती युक्रेनला असो की आपल्याला, तेव्हा आकड्यावर थांबू नका. अटींच्या ओळीपर्यंत वाचा आणि ती ओळ नसेल तर ती मागा. प्रश्नांसाठी मी इथेच बसलो आहे.